पाचर

सावद्याच्या नाक्यावर पिकअप लावून
डिगंबर बोंडे म्हणाला,
मिस्त्री, गाडी थरथरते.

थरथरते म्हणजे काय, भाऊ?
स्टेअरिंगला मुंग्या येतात
की बुडाखाली सीट गुणगुणते?
चाळीसला, की साठाच्या पुढे?
कानात येतं, की मणक्यात?

सीट, तो म्हणाला. साठ ते सत्तर. पुढे पुन्हा गप्प.
आन् एक सांगू? हसजो नको मले.
केळी भरली का थरथरत नाही.
रिकामीच थरथरते.

मी हसलो नाही.

फैजपुरात त्यानं चारही चाकं बॅलन्स करून घेतली होती,
भुसावळला क्रॉस बदलला, यावलला सेंटर बेरिंग.
तीन बिलं डॅशबोर्डवर,
केळीच्या चिकानं एकमेकांना चिकटलेली.
तिघांनी पैसे घेतले,
रिकामी गाडी चालवून कुणीच पाहिली नाही.

म्हणून मी निघालो. वाघोद्याच्या पुढचा सरळ पट्टा,
दोन्हीकडे केळीचे मळे, वैशाखाचं ऊन,
डॅशबोर्डवर पाण्याची अर्धी बाटली.
पासष्टला पाण्यावर बारीक वळ्या उठल्या,
ताटात रवा पसरावा तशा.
न्यूट्रल केली. इंजिन खाली उतरलं,
वळ्या तशाच.
म्हणजे इंजिन नाही. क्लच नाही.
जे फिरतं आहे आणि ओढत नाही, त्यातच आहे.

खड्ड्यात उतरलो.
क्रॉसला खेळ नाही. बाणासमोर बाण बरोबर.
शाफ्टवर क्लॅम्प बांधून चार जागी सरकवला,
फरक नाही.
उरला कोन.

तरन्नुम शाळेतून आली होती.
तिच्या कंपासपेटीतला कोनमापक,
दोरा, दोऱ्याला दहाचा नट.
तो तिनंच धरला.
माझ्या हातात दोरा ठरत नाही हल्ली.
पाना असला की हात ठरतो,
रिकामा असला की नाही.
तिला हे माहीत आहे. आम्ही बोलत नाही.

गिअरबॉक्स दीड, ती खालून ओरडली.
मागचा गोळा, चार.
मग थोडं थांबून:
अब्बा, या रेषा समांतर नाहीत.

पाटे किती टाकले, डिगंबर?
दोन, तो म्हणाला. मागच्या हंगामात.
जास्त माल बसाले पाह्यजे म्हनून.

झालं. ज्या वजनासाठी तिची पाठ उचलली,
ते वजन नसलं की तिचा तोल बिघडतो.
चाळीस क्विंटल घड चढले की पाठ खाली बसते,
रेषा जुळतात, गाडी शहाणी होते.

एक पाटा काढू?
नको मिस्त्री, धंदा बसंल.

लोक म्हणतात पाचर मारली, म्हणजे काम मोडलं.
आमच्यात पाचर मारतात तेव्हा काम बसतं.
पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये
लोखंडी पाचर, सव्वा अंशाची.
पुरी अडीच मारली असती
तर रिकामी सुधारली असती आणि भरलेली थरथरली असती.
म्हणून मधली मारली.
थोडं तिला, थोडं हिला.
यू-बोल्ट आवळताना पाना हातात होता,
हात ठरलेला होता.

पुन्हा वाघोदा. पुन्हा पासष्ट.
बाटलीत पाणी जवळजवळ सपाट,
कडेला एक वळी, दिसली तर दिसली.

गेली काय? त्यानं विचारलं.
गेली नाही. उरली थोडी.
एवढ्यात गाडी चालते, भाऊ, वर्षानुवर्षं.

तो पैसे मोजून गेला.
तरन्नुम कोनमापकावरचं ग्रीस
ओढणीच्या टोकानं पुसत बसली,
चाळीस आणि पन्नासच्या मधले आकडे काही केल्या निघेनात.
उद्या तिचा भूमितीचा पेपर.
मी पाना पेटीत ठेवायचा राहिलो,
तसाच धरून उभा.